एम.फार्मच्या प्रोजेक्टसाठी रॅट मारणं बरोबर आहे का? एका पशुवैद्याचं लांबलचक उत्तर

डिचोलीच्या एका मुलीने विचारलंय, प्रश्न मोठा होता म्हणून थोडक्यात सांगते. एम.फार्मला (फार्मसीच्या मास्टर्सला) आहे, विषय फार्माकॉलॉजी म्हणजे औषधांचा शरीरावर होणारा परिणाम, गाईडनी प्रोजेक्ट दिलाय की निर्गुडीच्या पाल्याच्या अर्काने सूज उतरते का ते रॅटवर बघायचं, तीस रॅट लागणार आणि शेवटी ते मारायचे. घरी आई म्हणते हे पाप आहे, बाबा म्हणतात रोज बांगडे खाताना पाप आठवत नाही काय, आणि हिला स्वतःला झोप लागत नाही. तिला विचारायचंय की हे बरोबर आहे का, माणसाला याचा खरंच उपयोग होतो का, आणि नाही म्हटलं तर डिग्री जाईल का.

मी पशुवैद्य. बरीच वर्षं गुरं-कुत्री बघण्यात गेली आणि त्याच्या जोडीने इथल्या काही कॉलेजांच्या आणि कंपन्यांच्या प्राणी एथिक्स कमिटीवर व्हेट म्हणून बसत आलेय. म्हणजे परवानगीच्या कागदावर माझी सही असते, आणि काही कागदांवर मी ती केली नाही म्हणून लोक माझ्याशी बोलायचे बंद झालेत तेही आहे.

आधी माझं मत सांगून टाकते म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. प्राण्यांवरचे सगळे प्रयोग आजच्या आज बंद करा हे मला पटत नाही. पण ज्या प्रयोगातून नवीन काही कळणारच नाही त्यात एकसुद्धा रॅट जाऊ नये, आणि बाय, तू जेवढं लिहिलंयस त्यावरून तुझा प्रोजेक्ट मला त्यातलाच वाटतो.

बाबांचा बांगडा आधी घेऊ, कारण तो प्रत्येक घरात निघतो. खरं आहे, आपण गोंयकार माणसं, माशाशिवाय घास उतरत नाही आणि जाळ्यात तडफडणाऱ्या बांगड्यासाठी कोणी फॉर्म भरत नाही. घरात उंदीर झाला की आपण दुकानातून ते गोंदाचं पॅड आणून ठेवतो, त्याच्यावर तो चिकटून रात्रभर ओरडतो, सकाळी पॅडसकट कचऱ्यात, कोणाला काही वाटत नाही. धीरयोवर कोर्टाने नव्वदच्या दशकात बंदी आणली तरी लोक लपूनछपून बैल झुंजवतात आणि वर व्हिडिओ काढतात. तेव्हा लॅबमधल्या उंदराचाच एवढा विचार कशाला हे विचारणं चूक नाही, पण त्याचं उत्तर 'मग लॅबमध्येही काहीही चालेल' असं कसं होईल. लॅबमध्ये आपण तो प्राणी मुद्दाम जन्माला घालतो, पिंजऱ्यात वाढवतो, आपल्या हाताने त्याला आजारी पाडतो आणि मग तो किती आजारी झाला ते पट्टी घेऊन मोजत बसतो. तिथे जबाबदारी वाढते, कमी होत नाही.

आणि आईला मी खोटं पाडणार नाही. त्या रॅटने हो म्हटलेलं नाही, त्याला यातून काही मिळणार नाही आणि त्याला दुखतं. कमिटीने शिक्का मारला म्हणून यातलं काही बदलत नाही. मी सही करते तेव्हाही हे बदललेलं नसतं, एवढंच की समोरच्या पारड्यात काहीतरी जड आहे असं मला त्या वेळी वाटलेलं असतं.

मग जड म्हणजे काय. काजूचा सीझन घे. सत्तरी, सांगे, काणकोणकडे बायका पहाटे बागेत जातात, पाचोळ्यातून बोंडू गोळा करतात, तिथे फुरसं किंवा घोणस चावली तर औषध एकच, अँटिव्हेनम, आणि ते येतं घोड्याच्या रक्तातून. घोड्याला विष थोडं थोडं वाढवत टोचतात, त्याच्या अंगात प्रतिपिंडं तयार होतात, मग रक्त काढून प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) वेगळा करतात आणि चांगल्या ठिकाणी लाल पेशी घोड्याला परत चढवतात. मुंबईचं हाफकिन हे काम कित्येक वर्षं करतंय. तेवढ्यावर भागत नाही, तयार झालेली बॅच चालते का हे उंदरांवर बघावं लागतं. आपल्याकडचं प्रमाण असं की १ मिली औषधाने नागाचं आणि घोणसीचं प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यारीचं आणि फुरशाचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी व्हायला पाहिजे, आणि ते झालं की नाही हे कळतं उंदीर जगला की मेला त्यावरून. बांबोळीला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) पेशंटला लावलेल्या प्रत्येक बाटलीमागे घोडा आहे आणि उंदीर आहेत. सत्तरीतल्या त्या बाईसमोर उभं राहून मी 'हे बंद करा' म्हणू शकत नाही. मात्र 'आहे तसं चालू दे' हेही मी म्हणणार नाही, कारण घोड्याचं हिमोग्लोबिन न बघता रक्त काढणं, एकाच जागी टोचून टोचून तिथे गळू करणं हे टाळता येतं आणि ते टाळायला पैसे लागतात एवढंच. शिवाय हे औषध चारच सापांचं, आपल्या घाटात जे चापडे साप सापडतात त्यांच्या विषावर ते चालत नाही, म्हणजे अजून कोणीतरी काम करायला पाहिजे आणि त्या कामातही प्राणी येणारच.

रेबीजची गोष्ट याच्याहून जास्त शिकवणारी आहे. माझ्या वयाच्या लोकांना पोटातली १४ इंजेक्शनं आठवतात. ती लस १९११ मध्ये कसौलीला डेव्हिड सेंपल या डॉक्टरने काढली. मेंढीच्या मेंदूत विषाणू सोडायचा, मेंढीला लक्षणं दिसली की तिला मारायचं, मेंदू वाटायचा, फिनॉल घालून विषाणू मारायचा आणि ते माणसाच्या पोटात टोचायचं. त्यात मेंढीच्या मेंदूचा अंश राहायचा आणि त्याने काही माणसांना लकवा व्हायचा, क्वचित जीवही जायचा. पेशींवर वाढवलेल्या सुरक्षित लशी आल्या तरी आपल्याकडे मेंढीची लस बंद व्हायला २००४ सालाची अखेर उजाडली. जरा विचार कर, मेंढीचं आणि माणसाचं दोघांचंही भलं एकाच बदलात होतं, तरी एवढा उशीर, कारण जुनी लस स्वस्त होती. प्राणी न वापरता होणारी पद्धत सापडली की लोक आपणहून तिकडे जातात असं ज्यांना वाटतं त्यांनी हे डोक्यात ठेवावं.

आताच्या बऱ्याच लशी व्हेरो पेशींवर वाढवतात, त्या पेशी १९६२ मध्ये एका आफ्रिकन माकडाच्या मूत्रपिंडातून घेतल्या आणि तेव्हापासून लॅबमध्ये वाढतायत. एका माकडावर जगभराचं काम चाललंय, हे मला कुठल्याही कमिटीत मान्य होईल. पण लस तयार झाली की तिची ताकद तपासायची जुनी टेस्ट आहे, तिच्यात उंदरांना लस देतात आणि मग थेट मेंदूत रेबीजचा विषाणू टोचतात. एका टेस्टला शंभराहून जास्त उंदीर लागतात, त्यातले ज्यांना संरक्षण मिळालं नाही ते रेबीजनेच मरतात, आणि एवढं करून आकडा इतका वर-खाली होतो की टेस्ट पुन्हा करायची वेळ येते. लशीतलं प्रोटीन एलायझाने, म्हणजे प्राणी न मारता लॅबमध्ये होणाऱ्या टेस्टने, मोजता येतं, तिकडे जाणं हळूहळू चालू आहे. जिथे प्राण्याला जास्तीत जास्त त्रास आणि उत्तर मात्र डळमळीत, तिथे आधी हात घालायला हवा असं माझं सरळ म्हणणं आहे. त्याऐवजी आपली सगळी चर्चा लिपस्टिक आणि शॅम्पूभोवती फिरते, आणि तिथे तर २०१४ मध्येच भारताने प्राण्यांवरच्या टेस्ट बंद केल्या.

गोव्यात रेबीज कमी झाला तो कसा, तर रस्त्यावरच्या कुत्र्यांना लस देऊन. २०१३-१४ पासून गावोगाव जाळी घेऊन टीम फिरल्या, वर्षाला लाखाच्या आसपास कुत्री, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित म्हणून जाहीर झालं. कुत्र्यांना जी लस मिळाली तीही कधीतरी कुत्र्यांवर आणि उंदरांवर तपासलेली. प्राण्यांचं भलं आणि माणसाचं भलं असे दोन वेगळे हिशेब आहेत हे मला कधी पटलेलं नाही, व्हेटला ते पटणं कठीणच. माकडताप बघ ना. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा तो सापडला, २०१५ च्या सुमारास आपल्या सत्तरीत पोचला, गोचिडीने पसरतो, आणि माणसाच्या आधी माकड मरतं. रानात मेलेलं माकड दिसलं की खबर द्या, गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल लावूनच बागेत जा, हे तिकडच्या लोकांना आता पाठ झालंय. जुनी लस फारशी चालत नव्हती, नवी काढायची तर माणसाच्या आधी माकडावर बघावी लागते. म्हणजे त्या आजाराने जो सगळ्यात जास्त मरतो त्याच्यावरच प्रयोग. सोपं उत्तर मला तरी सापडलेलं नाही, पण असा प्रस्ताव आला तर माकडं किती, कुठून आणणार, आजार कुठल्या टप्प्यावर गेला की थांबवणार आणि कसं झोपवणार, म्हणजे वेदना न देता मारणार, हे विचारून मी बहुतेक हो म्हणेन. रानातलं माकड पकडून आणायचं की बंदिस्त जागी वाढवलेलं घ्यायचं, यावर मात्र माझं भांडण होईल.

आता दुसरी बाजू, कारण 'प्राण्यांवर पास म्हणजे सुरक्षित' हेही खरं नाही. २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ नावाच्या अँटिबॉडीची, म्हणजे औषध म्हणून बनवलेल्या प्रतिपिंडाची, माणसांवरची पहिली ट्रायल झाली. माकडांना जो डोस काही न होता पचला होता त्याच्या पाचशेव्या हिश्शाने सहा निरोगी तरुणांना दिलं, आणि काही तासांत सहाही जण अवयव निकामी होऊन आयसीयूत. सगळे वाचले ते नशीब. नंतर कळलं की ती अँटिबॉडी ज्या खुणेला चिकटते ती खूण माणसाच्या काही पेशींवर असते आणि त्या माकडांच्या तशाच पेशींवर नसते. थॅलिडोमाइडचं उदाहरण लोक दोन्ही बाजूंनी देतात. ते १९५७ ला बाजारात आलं तेव्हा गाभण प्राण्यांवर बघितलंच नव्हतं, १९६१ ला मागे घेतलं तोवर हजारो मुलं हातापायांनी अधू जन्मली होती. मग बघायला गेले तर काही जातींच्या सशांत आणि माकडांत व्यंग दिसलं आणि रॅट आणि माइसमध्ये (माऊस म्हणजे लॅबमधला छोटा उंदीर) फारसं नाही. म्हणजे रॅटवर बघितलं असतं तरी कदाचित सुटलंच असतं.

माझ्या धंद्यातलं उदाहरण तर मला जास्तच लागतं. डायक्लोफेनॅक, दुखण्या-सुजेवरचं औषध. गुरांना सर्रास द्यायचे, गुरांना चालायचं, माणसालाही चालतं. पण औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडून ती मरायची. २००४ ला हे सिद्ध झालं आणि २००६ ला गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर देशातली गिधाडं जवळजवळ संपली होती. कुठल्याच रॅटने हे आधी सांगितलं नाही, सांगणारच नव्हता. आणि मग गुरांना पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम द्यायचं ठरलं तेव्हा ते गिधाडांना चालतं का हे कशावर बघितलं असेल? गिधाडांवरच. आधी आफ्रिकेतल्या आपल्याच जातकुळीच्या पण त्या मानाने जास्त शिल्लक असलेल्या गिधाडांवर, अगदी थोड्या पक्ष्यांपासून सुरुवात करून, त्यांना काही झालं नाही तेव्हा पुढे. केटोप्रोफेनच्या टेस्टमध्ये मात्र गिधाडं मेली, आणि गुरांसाठी त्याच्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं. ज्यांना प्राण्यांवरचा कुठलाही प्रयोग नको असतो त्यांना मी हे नेहमी विचारते की ती पहिली गिधाडं वापरायची होती की नव्हती. बहुतेक जण गप्प बसतात, कोणी कोणी चिडतात.

तर माणसाला उपयोग होतो का याचं उत्तर प्रश्न काय विचारलाय त्यावर आहे. विषावरचं औषध चालतं का, लस संरक्षण देते का, ऑपरेशनची नवी पद्धत जमते का, अशा ठिकाणी प्राणी बरंच खरं सांगतो. मेंदूचे आजार, कॅन्सर, सांध्यांचं जुनं दुखणं इथे फार कमी खरं सांगतो. माणसांवरच्या ट्रायलपर्यंत पोचलेल्या दहा औषधांतली नऊ तिथे गळतात हा आकडा तू वर्गात ऐकला असशीलच, सगळा दोष प्राण्यांचा नाही, पण बराच वाटा आहे. अमेरिकेने २०२२ च्या शेवटी कायदा बदलून औषधासाठी प्राण्यांवरची टेस्ट झालीच पाहिजे ही अट काढली, आपल्याकडेही २०२३ मध्ये औषध चाचण्यांच्या नियमांत बदल करून पेशी, ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेले छोटे अवयव), चिपवरचा अवयव आणि कॉम्प्युटर मॉडेल यांना दार उघडलं. दार उघडलं म्हणजे सगळे आत गेले असं नाही, पण 'प्राण्यांशिवाय परवानगीच मिळत नाही' ही सबब आता तेवढी चालत नाही.

आता तुझ्याकडे येते. तीस रॅट म्हणजे बहुतेक पाच ग्रुप, प्रत्येकात सहा: एक नुसता कंट्रोल, म्हणजे औषध न दिलेला, एक इंडोमेथॅसिन किंवा डायक्लोफेनॅक या सुजेवरच्या नेहमीच्या औषधाचा, आणि अर्काचे कमी, मध्यम, जास्त असे तीन डोस. मागच्या पंजात कॅराजीननचं इंजेक्शन, तेच समुद्री शेवाळातलं जे आइस्क्रीम घट्ट करायला घालतात, मग पंजा सुजतो, तीन ते पाच तासांनी सूज सगळ्यात जास्त, ती प्लेथिस्मोमीटरमध्ये पंजा बुडवून मोजायची. हा आराखडा मी डोळे मिटून लिहू शकते, कारण दरवर्षी कमिटीपुढे तो येतो, पाल्याचं नाव तेवढं बदलतं. सहा का विचारलं की उत्तर येतं, पेपरमध्ये सहाच असतात मॅडम. बस. एक सोपा नियम आहे, रिसोर्स इक्वेशन म्हणतात, एकूण प्राण्यांतून ग्रुपची संख्या वजा केली की उत्तर १० ते २० च्या मध्ये यावं. ३० वजा ५ म्हणजे २५. म्हणजे या नियमाने ग्रुपला पाचच पुरले असते, २५ रॅट, २५ वजा ५ बरोबर २०. आणि फरक बारीक असेल अशी अपेक्षा असेल तर नीट पॉवर, म्हणजे तो फरक पकडायला किती प्राणी लागतील ते गणित, काढावी लागते आणि मग कदाचित सहा कमी पडतील, तेव्हा तीसच्या तीस रॅट फुकट जातात कारण उत्तर येतच नाही. दोन्हीकडून बघितलं तरी 'सहा' हा आकडा कोणी विचार करून घेतलेला नसतो. शिवाय कुठला रॅट कुठल्या ग्रुपमध्ये हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं का, पंजा मोजणाऱ्याला ग्रुप माहीत होता का, हे विचारलं की खोलीत सगळे एकमेकांकडे बघतात. २०१० पासून अराइव्ह नावाची मार्गदर्शक सूची फुकट उपलब्ध आहे, त्यात हे सगळं आहे.

आणि निर्गुडीचं तर बोलायलाच नको. तिचा अर्क कॅराजीननच्या सुजेवर रॅटमध्ये इतक्या वेळा बघून झालाय की तुझ्या प्रोजेक्टचं उत्तर तुला लायब्ररीतच मिळेल: थोडी सूज उतरते, स्टँडर्ड औषधापेक्षा कमी. वर डोस बघ. समज ४०० मिलिग्रॅम प्रति किलो तोंडाने. रॅटचा डोस माणसाचा करायला साधारण ६.२ ने भागतात, म्हणजे ६४ च्या आसपास, ६० किलोच्या माणसाला रोज जवळजवळ पावणेचार-चार ग्रॅम नुसता अर्क, पाला नव्हे, अर्क. कोण खाणार? तुझी आजी निर्गुडी कशी वापरते? पाला गरम करून गुडघ्याला बांधते. मग तू रॅटच्या घशात नळी का घालतेयस? लोक जे औषध वरून लावतात ते आपण पोटातून देऊन बघतो आणि प्रबंधात लिहितो की पारंपरिक वापराला वैज्ञानिक आधार मिळाला. याचा मला फार राग येतो, बाकी काही असो.

गंमत म्हणजे हे सगळं टाळायचं कायदा १९६० पासून सांगतोय. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा जो आपला कायदा आहे त्याच्या कलम १७ मध्ये आहे की पुस्तकं, मॉडेल, फिल्म अशा साधनांनी शिकवणं भागत असेल तर कॉलेजात प्रयोग टाळावेत, आणि नुसता हात बसावा म्हणून प्राण्यांवर प्रयोग करू नयेत. त्याच्या आदल्या वर्षी, १९५९ मध्ये, रसेल आणि बर्च या दोघांनी तिकडे इंग्लंडमध्ये तीन गोष्टी मांडल्या होत्या, प्राण्याऐवजी दुसरं काही वापरा, वापरावाच लागला तर कमी वापरा आणि वापरताना त्रास कमी करा. आपल्या केंद्रीय समितीने, जिला आधी सीपीसीएसईए म्हणायचे आणि आता सीसीएसईए, चौथी जोडली, प्रयोगानंतर प्राण्याचं पुनर्वसन. कागद उत्तम आहेत. प्रत्येक संस्थेत कमिटी, तिच्यात शास्त्रज्ञ, एक व्हेट, एक बाहेरचा शास्त्रज्ञ, एक शास्त्राबाहेरचा सामाजिक जाण असलेला माणूस आणि केंद्राने पाठवलेला नॉमिनी, आणि फॉर्म बी, म्हणजे प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, भरल्याशिवाय पान हलत नाही. पण मीटिंग दोन तासांची, प्रस्ताव पंचवीस, आणि तो शास्त्राबाहेरचा माणूस, बऱ्याचदा कोणीतरी रिटायर्ड शिक्षक, बिचारा पहिल्या वर्षी तोंडच उघडत नाही. माझ्या अनुभवात सगळ्यात चांगला प्रश्न मात्र अशाच एका माणसाने विचारला होता. म्हणाला, सर, उत्तर 'नाही' आलं तर तुम्ही पुढे काय वेगळं कराल? प्रस्ताव आणणाऱ्याकडे उत्तर नव्हतं, कारण 'हो' आलं तरी काही वेगळं होणार नव्हतं. तो प्रस्ताव परत गेला.

त्रास कमी करणं ही गोष्ट लोकांना किरकोळ वाटते, मला वाटत नाही, कारण प्राण्याच्या बाजूने बघितलं तर त्याला तेवढंच कळतं. माऊस शेपटीने उचलायचा ही जुनी सवय. २०१० मध्ये दाखवून झालं की शेपटीने उचललेले माऊस माणसाच्या हातापासून पळतात, घाबरट होतात, आणि तेच प्लास्टिकच्या नळीत शिरू देऊन नळीसकट उचलले किंवा ओंजळीत घेतले तर काही दिवसांत आपणहून जवळ येतात. नळीला खर्च किती, काही नाही. तरी मी ॲनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, गेले की निम्म्या ठिकाणी शेपटीच. नळीने डोस द्यायचा, ओरल गॅव्हाज, तो तर बघवत नाही कधी कधी. नीट करणारा माणूस आधी सुई बाहेरून लावून तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत लांबी बघतो, मानेची सैल कातडी धरून डोकं सरळ रेषेत आणतो, गोल टोकाची सुई टाळूला लावून डाव्या अंगाने सरकू देतो, अडली की ढकलत नाही, बाहेर काढतो. सहा सेकंदांचं काम, रॅट फारसा धडपडतही नाही. घाई करणारा ढकलतो, औषध फुप्फुसात जातं, रॅट डोळ्यांदेखत गुदमरून मरतो आणि वहीत लिहितात 'मृत्यू, कारण अज्ञात'. दुखतंय का हे माऊसच्या चेहऱ्यावरूनही कळतं, डोळे बारीक होतात, नाक-गाल फुगल्यासारखे, कान मागे, मिशा ताठ किंवा मागे ओढलेल्या, त्याची मोजपट्टीसुद्धा आहे. ते बघायला कॉलेजमधला ॲनिमल हाऊसचा अटेंडंट शिकलेला असतो, न शिकवता, आणि प्रोजेक्टवाली पोरं त्याला विचारत नाहीत.

त्यात आपला गोवा. नियम सांगतो आर्द्रता ३० ते ७० टक्के, आणि जून-जुलैमध्ये इथे भिंतींना पाणी सुटतं. डीह्युमिडिफायर बंद, लाईट गेली, जनरेटरला डिझेल नाही, पिंजऱ्यातला तूस ओला, अमोनियाचा वास, आणि रॅटच्या छातीत खरखर. नरकासुराच्या रात्री, म्हणजे नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, पहाटेपर्यंत रस्त्यावर डीजे, रॅटला आपल्याला न ऐकू येणारे आवाजही ऐकू येतात, दुसऱ्या दिवशी मोजलेलं काहीही मी मानत नाही. एका कॉलेजात नेमका त्याच आठवड्यात घेतलेला वागणुकीचा डेटा प्रबंधात गेला. भेदरलेल्या प्राण्याचे आकडे भेदरलेलेच असतात, म्हणून दया बाजूला ठेव, नुसत्या विज्ञानासाठी म्हणूनसुद्धा हे सांभाळावं लागतं.

मग तू काय करायचं. पहिलं, नाही म्हटलं म्हणून डिग्री जात नाही, पण कायद्याचं कलम नाचवत गाईडच्या केबिनमध्ये जाऊ नकोस, त्यांनाही पेपर हवेत, त्यांच्या हातात दुसरा विषय घेऊन जा. निर्गुडी सोडू नकोस, वरून लावायच्या अंगाने घे. अर्कात नेगुंडोसाइड आणि ॲग्नुसाइड ही निर्गुडीतली रसायनं किती आहेत ते एचपीटीएलसीने (रसायनं वेगळी करून मोजायची पद्धत) मोज, वेगवेगळ्या तालुक्यांतला पाला, पावसाळ्यातला आणि एप्रिलमधला, फरक येतो का बघ. त्याचं मलम किंवा जेल कर. ते कातडीतून आत जातं का हे फ्रांझ सेल नावाच्या काचेच्या उपकरणात बकऱ्याच्या कानाच्या कातडीवर बघता येतं, कातडी खाटकाकडे मिळते, जो बकरा आधीच जेवणासाठी मारलाय त्याची. सूज कमी करण्याची क्रिया बघायचीच असेल तर मॅक्रोफेज पेशींची (सुजेत काम करणाऱ्या पांढऱ्या पेशींची) लॅबमध्ये वाढणारी लाइन पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेकडून मागवता येते, तुमच्याकडे इनक्युबेटर नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांना विनंती कर, गोव्यात अंतरं काही मोठी नाहीत. अंड्याच्या पांढऱ्या बलकाची ती डिनॅच्युरेशन टेस्ट (उष्णतेने प्रोटीन बिघडणं औषधाने थांबतं का बघायची) मात्र कोणी सुचवली तर नको म्हण, त्यात कशाचंही उत्तर 'हो' येतं. एवढं केलंस तर तीस रॅटच्या प्रोजेक्टपेक्षा काम जास्त होईल आणि परीक्षक विचारतील त्याला उत्तरं तुझ्याकडे असतील.

गाईड अजिबात ऐकत नसतील तर निदान तीन गोष्टी मागून घे: ग्रुपमध्ये किती रॅट हे स्टॅटिस्टिक्सच्या माणसाकडून काढून घेणं, मोजणाऱ्याला ग्रुप माहीत नसणं, आणि सूज ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली किंवा रॅटने खाणं सोडलं तर त्याला लगेच झोपवायची लेखी अट. आणि कमिटीच्या मंजुरीचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघ, 'मिळालीय' या शब्दावर जाऊ नकोस. एका ठिकाणी मंजुरी यायच्या आधीच प्राणी येऊन पडलेले मी पाहिलेत.

आईला काय सांगायचं ते तू ठरव. माझ्या आईने मला विचारलं होतं तेव्हा मी तिला घेऊन ॲनिमल हाऊस दाखवलं, ती बाहेर येऊन काही बोलली नाही, घरी येऊन आंघोळ केली आणि मला चहा दिला. तिचं मत बदललं असं मला वाटत नाही.

एक घाईची गोष्ट. प्राण्यांची ऑर्डर अजून गेली नसेल तर या आठवड्यातच गाईडना भेट. एकदा रॅट आले की ते परत जात नाहीत, प्रोजेक्ट बदलला तरी ते कोणाच्या तरी दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये जातात किंवा तसेच मारले जातात. सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा आराखडा) युनिव्हर्सिटीकडे जायच्या आधी विषय बदलणं म्हणजे एक अर्ज, नंतर बदलणं म्हणजे चार सह्या आणि एक सेमिस्टर. नवीन सिनॉप्सिस लिहिलीस तर आकडेमोडीचं पान मी बघून देईन, बाकीचं तुझ्या गाईडचं काम.